ओठांतले स्क्रू

बुधवार, ९ ऑक्टोबर. सकाळी ऊन, दुपारी ढगाळ. दुरुस्तीला दिलेले शिलाई मशीन आज मिळायचे होते, मिळाले नाही. दुकानाचे दार भर दुपारी लोटलेले. मशीनवाले शब्दाचे पक्के, म्हणून नवल वाटले.

त्यामागची हकिगत दुसऱ्या दिवशी मशीन पोचवायला आलेल्या त्यांच्या बायकोनेच सांगितली.

मशीनवाल्यांची एक रीत होती. बिघडलेले मशीन आले की ते लगेच उघडायचे नाहीत. गिऱ्हाइकालाच चालवायला लावायचे आणि मान कलती करून बसायचे. "आधी त्याचं गाऱ्हाणं तर ऐकू द्या," म्हणायचे. माणसांच्या बाबतीत मात्र हा धीर त्यांच्याकडे औषधालाही नव्हता. समोरच्याचे अर्धे वाक्य झाले की यांचा उपाय हजर. मुलगी परगावी इस्पितळात नर्स होती. अलीकडे ती रजा संपायच्या आतच परत जाई, फोन करी तोही आईलाच.

त्या बुधवारी ती आली ती तडक घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात, आणि स्टुलावर बसली.

"बाबा, परवा वॉर्डात एक आज्जी..."

"बदली माग. मी केव्हाचा सांगतोय."

"बदलीचं नाही हो. त्या आज्जी..."

"मग सोड नोकरी. इथे काय दवाखान्यांचा दुष्काळ पडलाय?"

ती उठली. आत जाऊन पिशवी भरू लागली. "दुपारच्या गाडीने जाते, आई. पुढच्या रजेची वाट बघू नका."

आई दुकानात आली. "अहो, लोकांच्या मशीनला आधी कान देता. पोरीने तोंड उघडलं की तुमचा पाना तयार! आज गेली तर बसा तिच्या फोटोला सल्ले देत."

मशीनवाले उठले. त्यांनी दुकानाचे दार लोटले आणि हाक मारली, "बाळ, जरा ह्या मशीनचं चाक फिरवतेस?"

ती नाखुशीनेच आली. त्यांनी डबीतले दोन स्क्रू ओठांत धरले. काम करताना ते धरायचेच, मग "हं"च्या पुढे काही बोलता येत नसे.

चाक फिरत राहिले. हळूहळू तीच बोलू लागली. त्या आज्जींना रोज केस विंचरून हवे असत. परवा वॉर्डात धांदल होती. ही "आलेच हं" म्हणून गेली, आणि परतेपर्यंत आज्जी गेल्या होत्या. चूक कुणाचीच नव्हती, डॉक्टरही तेच म्हणाले.

"पण कंगवा माझ्या खिशातच होता, बाबा."

"त्यात तुझा काय दोष" हे अगदी ओठांपर्यंत आले होते. स्क्रूंनी अडवले. ती रडली, थांबली, पुन्हा बोलली. सगळे बोलून झाल्यावर त्यांनी स्क्रू तळहातावर काढले.

"कंगवा आहे अजून?"

"पिशवीत आहे."

"बघू."

तिने आणून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "बारीक दातांचा आहे. केस विरळ होते का त्यांचे?"

"कापसासारखे," ती म्हणाली, आणि आज्जींबद्दल सांगतच बसली. गाडीची वेळ टळून गेली तरी कुणी घड्याळाकडे पाहिले नाही.

उठून आत जाताना तिने मशीनकडे निरखून पाहिले. "बाबा, ह्याचे स्क्रू तर सगळे जागेवर आहेत. तुमच्या ओठांतले ते कुठले मग?"

"माझे," ते म्हणाले, आणि डबी बंद न करता तशीच हाताशी ठेवली.

त्याच बुधवारची, माझ्या रोजच्या वहीतली संध्याकाळची नोंद: उशांचे अभ्रे शिवायचे राहिले. जुनेच धुऊन वाळत घातले.