रिलीव्हर येईपर्यंत

वडिलांसाठी मी वाळूजच्या कंपनीतली नोकरी निवृत्तीआधीच सोडली, तेव्हा नातेवाइकांनी माझं फार कौतुक केलं. आई गेल्यावर वडील आमच्या सिडकोतल्या फ्लॅटवर राहायला आले आणि हळूहळू सगळं विसरू लागले. एकदा अनवाणीच घराबाहेर पडले, ते जालना रोडवर गाड्यांच्या मधोमध सापडले. त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप लागलं आणि किल्ली माझ्या खिशात आली. बायको वैजापूरला तहसील कचेरीत नोकरीला. सकाळच्या बसनं जायची, दिवेलागणीला परत यायची. मधला सगळा दिवस घरात मी आणि वडील.

"मला घरला जायचंय," ते म्हणायचे.

"दादा, हे आपलंच घर आहे."

"नाय. हे नाय."

मग दाराची कडी वाजवत उभे राहायचे. कधी माझ्याकडं वळून अगदी अदबीनं म्हणायचे, "साहेब, तुमी तरी सोडा की." त्या 'साहेब'नं मला रडू यायचं. सुरुवातीला यायचं. नंतर फक्त राग यायचा, आणि रागावल्याची लाज.

अशात एकदा माझी भाची आली. ती विद्यापीठात नाटक शिकते. तिच्या ग्रुपनं आपल्याच वयाच्या लेखकांच्या तीन नव्या एकांकिका करायला घेतल्या होत्या आणि तालमीला जागा मिळत नव्हती. "मामा, तुमचा हॉल मोठा आहे. दुपारच्याला येऊ का आम्ही?" मी लगेच हो म्हणालो. मला नाटकाचं काही पडलेलं नव्हतं. घरात माणसांचे आवाज हवे होते.

नाटक म्हणजे माझ्या डोक्यात पडदा, सोफा आणि टाळ्या घेणारी वाक्यं. ह्या पोरांच्या पहिल्या एकांकिकेत दोन बहिणी वारलेल्या आईच्या साड्या घड्या करत बसतात. बोलतात ते चहाबद्दल, बसच्या वेळेबद्दल. मी भाचीला विचारलं, "यात घडतं काय?"

ती हसली. "मामा, उद्या परत बघा."

दुसऱ्या दिवशी मला दिसलं की धाकटी बहीण तीच एक साडी पुन्हा उलगडते, पुन्हा घडी घालते. ढीग संपला तर निघावं लागेल म्हणून. मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. हे कुणी मला शब्दांत सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरून गेलो असतो.

शेवटची एकांकिका बिडकीनच्या एका मुलीनं लिहिलेली. मुलगी अबोल, खिडकीशी बसून तालीम बघायची. तिच्या एकांकिकेत एका नव्या कारखान्याच्या गेटवरचा गार्ड. जिथं त्याची केबिन आहे तिथं पूर्वी त्याचंच शेत होतं. त्याची ड्यूटी संपलेली, पण रिलीव्हर येत नाही, म्हणजे त्याच्या जागी बसायला येणारा दुसरा गार्ड. तोवर त्याला जागा सोडता येत नाही. बस, एवढंच नाटक.

वडील माझ्याशेजारी बसून हे बघायचे. त्यांना काय कळत होतं, कुणास ठाऊक. एका दुपारी गार्ड झालेला मुलगा म्हणाला, "मला घरी जायचंय." वडील ताडकन उठले, त्याच्यापाशी गेले आणि त्याचा हात धरला. "चल. मी बी येतो तुझ्यासंगं."

सगळे थबकले. मी उठणार, इतक्यात तो मुलगा भूमिका न सोडता म्हणाला, "बाबा, रिलीव्हर आल्याबिगर कसं निघणार?"

वडिलांनी क्षणभर विचार केला. "व्हय. ते बी खरंय," म्हणाले आणि शांतपणे खुर्चीवर जाऊन बसले. माझे वडील आयुष्यभर रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. घर विसरले, मला विसरले, पण बदली माणूस आल्याशिवाय फाटक सोडायचं नाही, हे त्यांच्या अंगात होतं.

मग मीही तेच म्हणू लागलो. ते कडी वाजवू लागले की मी म्हणायचो, "रिलीव्हर यायचाय, दादा." ते गुमान बसायचे. चार लोकांत सांगण्यासारखी युक्ती. पण ते वाक्य म्हणता म्हणता माझंच लक्ष दाराकडं जाऊ लागलं.

प्रयोगाच्या आधी ती बिडकीनची मुलगी चाचरत म्हणाली, "मामा, आजोबांचं ते 'मी बी येतो' नाटकात ठिवू का?"

"ठेव की," मी म्हणालो. जास्त विचार केला नाही.

मला प्रयोगाला जाता यावं म्हणून बायकोनं रजा काढली. छोटंसं सभागृह, मी रांगेच्या मधोमध, दोन्हीकडं माणसांचे गुडघे. गार्डच्या केबिनपाशी एक म्हातारा आला आणि म्हणाला, "चल, मी बी येतो." रिलीव्हरचं वाक्य आलं तसे लोक हसले. म्हातारा स्टुलावर बसला. तो बसूनच राहिला तसं हसू विरलं. गार्डनं त्याला पाणी दिलं, आणि मग तोही रस्त्याकडं बघू लागला. म्हाताऱ्याची समजूत घालायला सांगितलेलं त्याला स्वतःलाच खरं वाटू लागलं होतं. मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण वाट नव्हती.

नंतर चर्चा होती. एका गृहस्थांनी लेखिकेला विचारलं, "याचा शेवट कुठं आहे?"

"मला पण माहीत नाही सर. लिहिताना मी तिथंच अडकले."

मी कधी सभेत बोललेलो नाही. पण हात वर केला. "शेवट राहू द्या. पण हा गार्ड अख्ख्या नाटकात एकदाही लघवीला जात नाही. माणूस जातो. दार उघडं ठेवून जातो, कान बाहेर ठेवून, आणि अर्ध्यातून पळत येतो. तेवढं दाखवा."

सभागृह हसलं. ती मुलगी हसली नाही. भाची माझ्याकडं बघत राहिली.

घरी आलो तर बायको दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. वडील झोपलेले. तिच्या मनगटावर त्यांच्या नखांचे ओरखडे होते.

"तुम्ही रोज हे करता?"

"मला आता होत नाही," मी म्हणालो.

"मला वाटायचं तुम्हाला जमतंय. कधी बोललाच नाहीत."

मग तिनंच वैजापूरला माझ्या धाकट्या भावाला फोन लावला, आणि मला जे कधी जमलं नसतं ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. तेव्हापासून रविवारी तो येऊन वडिलांपाशी बसतो, आणि मी शहरात जिथं कुठं नवी एकांकिका असेल तिथं जातो. कॉलेजांच्या स्पर्धा, कुणाच्या गच्चीवरचं वाचन. पुष्कळ कच्च्या असतात. काहींत मध्येच एखादी जागा अशी येते, की खुर्चीवरून हलवत नाही.

परवाच्या रविवारी एका एकांकिकेत एक बाई सासरी निघालेल्या लेकीला काहीतरी सांगायचं टाळत होती. ती आता बोलणार, एवढ्यात भावाचा फोन आला, "दादा ऐकत नाहीत, ये." मी वाकून, लोकांची माफी मागत बाहेर पडलो. ती बाई बोलली की नाही, मला माहीत नाही. भाचीला विचारायचं होतं, ते राहून गेलं.