पंपामागची विहीर

बातमीला मिळते दीड कॉलम जागा. खरा मसाला त्यात मावत नाही. मग तो जठारपेठेतल्या चहाच्या टपरीवर आम्हा वार्ताहरांच्या तोंडी फिरत राहतो. अकोल्यातल्या एका पेट्रोल पंपामागच्या विहिरीवर मी इतक्या बातम्या दिल्या, की संपादक मला 'विहिरीवाले' म्हणू लागले. त्या बातम्या रद्दीत गेल्या. किस्से मात्र शाबूत आहेत.

*

पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. मागच्या गल्लीत निर्मलाकाकूंची विहीर. अख्खी गल्ली तिचंच पाणी प्यायची. एके सकाळी काकूंच्या चहालाच पेट्रोलचा वास आला. काकू कळशी भरून तडक पंपावर गेल्या आणि मॅनेजरच्या नाकाखाली धरली.

त्यानं मनापासून हुंगलं. म्हणाला, "काकू, पंपावर पेट्रोलचाच वास येईन ना. मोगऱ्याचा कुठून आनू?"

*

मी बातमी छापली तेव्हा अमरावतीहून प्रदूषणवाले साहेब आले. पाण्याचा नमुना घेतला तो पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, आणि तिचं झाकण हरवलेलं. भर मे महिन्यात ती बाटली जीपच्या काचेशी ठेवून साहेब निवांत जेवायला गेले. अहवाल आला: पेट्रोल आढळले नाही.

मी म्हटलं, साहेब, पेट्रोल आहे ते, उन्हात उडून गेलं असणार.

"उडालं ना?" साहेब म्हणाले. "मग आता तुमची तक्रार काय आहे?"

*

दुसऱ्या खेपेला काकूंनी स्वतःची काचेची बरणी दिली, फिरकीचं झाकण घट्ट लावून. या वेळी पेट्रोल सापडलं. गल्लीला रोज टँकर सुरू झाला, विहीर स्वच्छ होईपर्यंत. पंपाभोवतीची नासलेली माती उपसायचा हुकूम सुटला.

कंत्राटदारानं माती उपसली खरी, पण लांब नेऊन टाकायचा त्याला कंटाळा. साहेबांच्याच अकोल्यातल्या कार्यालयापुढे वृक्षारोपणाचे खड्डे तयार होते. भरले! आठवडाभरात झाडून सगळी रोपं वाळली. मी मातीचा वास घेऊन साहेबांना सांगायला गेलो, तर त्यांचा निर्णय झालेला होता. नोटीस गेली नर्सरीला. "यंदा रोपंच बोगस निघाली," म्हणाले.

*

मग पुण्याहून एक इंजिनिअर आला. जमिनीत भोकं पाडून खाली हवा सोडायची, तिच्याबरोबर पेट्रोलची वाफ वर येते, ती ओढून घ्यायची. उपाय बरोबर होता. यंत्र मात्र साहेबांची गाडी वळणावर दिसली की सुरू व्हायचं आणि गाडी गेली की बंद.

मी विचारलं, गळकी टाकी बदलली का? इंजिनिअर म्हणाला, ती आमच्या कामात येत नाही, त्याचं टेंडर वेगळं आहे.

कोपऱ्यावरचे पंक्चरवाले रशीदभाई ऐकत होते. "मतलब, पंक्चर तसंच ठेवून हवा भरून राहिले," म्हणाले. "भाऊ, हा धंदा आमाले कावून नाही सुचला?"

*

शेवटी एकदाची विहीर स्वच्छ झाल्याचं जाहीर झालं. सोमवारपासून टँकर बंद. गल्लीतल्या बायांनी काकूंना घेरलं, आता लेकरांना पाजायचं काय?

साहेबांनीच जलपूजन ठरवलं. मांडव, हार, फोटोग्राफर, सगळा थाट. साहेबांनी भाषणात सांगितलं, हे पाणी आता कोणीही बिनधास्त प्यावं. टाळ्या कंत्राटदारानं वाजवल्या. काकूंनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग पानाच्या द्रोणात तुपाची वात पेटवली, द्रोण बादलीत ठेवला आणि दोर साहेबांपुढे धरला.

"आमच्यात पूजेचा दिवा पान्यात सोडतात. तुमच्या हातानं होऊ द्या."

कंत्राटदार तोवर मांडवाबाहेर पोचला होता. फोटोग्राफरनं त्याच्याही मागे जाऊन लांबची लेन्स काढली. साहेबांनी दोराला हात लावला नाही. दिवा राहू द्या, म्हणाले, नुसती फुलं वाहू.

काकूंनी बादली विहिरीच्या काठावर टेकवली.

"कावून जी साहेब? पानीच आहे ना थे?"

साहेब वाकले आणि फुंकर मारून दिवा विझवला.

सोमवारी टँकर आला.