हौदावरचा फलक मी कसा वाचला

आजवर हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आमच्या बाजारतळावरच्या हौदाचा फलक मी एका म्हाताऱ्याला खोटा वाचून दाखवला. फलकच चुकीचा होता, आणि ती चूकही माझीच होती.

मी तालुक्याचा वार्ताहर. पाणीटंचाई, रास्ता रोको, पुढाऱ्यांचे वाढदिवस, कापसाचा भाव, एवढंच आमचं जग. त्यात गावाच्या जुन्या गोष्टींचं एक सदर मी हौसेनं सुरू केलं. एका आठवड्याला विषय घेतला दगडी हौदाचा. गुरांच्या बाजाराला आलेली जनावरं अजून तिथंच पाणी पितात.

हौदाशेजारी एक चाचा हातगाड्यावर सीताफळं विकायचे. म्हणाले, "माझ्या आजानं बांधला. त्याचा थोरला पोरगा तापानं गेला, त्याच्या नावानं. मुक्या जनावराला पाणी पाजलं की सवाब मिळतो, पुण्य लागतं." पुढच्या बाजारी त्यांनी हौद बांधायचा निजामाच्या काळातला परवाना आणला. उर्दूतला, घड्यांवर फाटलेला.

"वाच की."

"चाचा, मला उर्दू येत नाही."

"मग कसला पेपरवाला बे तू?" ते हसले. "मी वाचतो, तू लिही."

मी लिहून घेतलं. तपासून घेतो म्हणून कागदही घेतला. कारण मनात आलंच, हे वाचतात तेच कागदात आहे कशावरून? तेवढ्यात पेठेतल्या एका बड्या घराण्याची स्मरणिका हाती आली. हौद त्यांच्या पणजोबांनी बांधला, असं तिच्यात छापलेलं. मराठीत, गुळगुळीत कागदावर. पेपरच्या ऑफिसातून मजकुरासाठी फोनावर फोन येत होते. मला जे वाचता येत होतं, तेच मी खरं धरलं.

सदर छापून आल्यावर एका निवृत्त उर्दू मास्तरांकडून परवाना वाचून घेतला. चाचांचं अक्षर न् अक्षर खरं होतं. दुरुस्ती छापायची, तर उद्यापासून टपरीवर माझ्या प्रत्येक बातमीला लोक खिदळणार. मी गप्प बसलो. आणि नगरपंचायतीनं माझंच कात्रण समोर ठेवून हौदावर फलक लावला.

बाजारच्या दिवशी चाचांनी लांबूनच हाक मारली. "ये पेपरवाल्या! तू छापलं म्हणून लावला म्हणं. मला मराठी वाचता येत न्हाई. काय लिव्हलंय, वाच."

मी फलकापुढे उभा राहिलो आणि त्यांच्या आजोबांचं नाव वाचलं, बापाच्या नावासकट. परवान्यातलं होतं, तेवढं मला पाठ झालं होतं. चाचांनी पहिल्या ओळीवरून, म्हणजे पेठेतल्या त्या नावावरून, हळूच हात फिरवला. मग डोळे उघडलेली चांगली सीताफळं निवडून माझ्या पिशवीत घातली. "घरी ने. लेकरांना दे."

त्यानंतर मी बाजारात गाड्याला वळसा घालूनच जायचो. ते मात्र हाक मारायचेच, "कावून पळतो बे?"

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. गाड्यावर आता त्यांची लेक बसते. परवा धीर करून तिला विचारलं, "ताई, फलकावर काय आहे, ते चाचांना कुणी सांगितलं होतं का?"

"मीच सांगितलं. तुमी वाचून गेलात त्याच दिवशी, सांजच्याला." ती गिऱ्हाइकाची सीताफळं तोलत बोलत होती. "अब्बा म्हणले, त्याला काय बोलू नको. शरमिंदा होईल."

म्हणजे मी का पळतो हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी ते हाक मारत होते. मी थांबेन आणि आपण होऊन बोलेन, याची वाट बघत असतील.

परवाना अजून माझ्या कपाटात आहे. त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही. तो त्यांच्या लेकीच्या हातात द्यायचा आहे. सदर आलं त्याच पानावर, माझं नाव घालून, हौद कुणी बांधला ते छापायचं आहे. नगरपंचायतीत जाऊन फलक बदलून घ्यायचा आहे. यातलं मी अजून एकही केलेलं नाही.