भांडं नाकाशी

कारखाना बंद पडून वर्षं झाली, पण त्याचं सांडपाणी जमिनीत मुरलं ते मुरलंच. आता गावच्या विहिरीचं पाणी आमच्या टाकीतल्या उत्प्रेरकाच्या दाण्यांवरून जातं. तिथे विषाचे तुकडे होतात आणि दाणे मात्र होते तसेच राहतात, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात दाणेही थकतात. आज दिवसभर मी तेच धुऊन ताजे करत होतो.

संध्याकाळी विहिरीशेजारच्या लक्ष्मीकाकूंच्या ओट्यावर टेकलो. त्यांनी तांब्या-भांडं आणलं, भांडं भरून आधी स्वतःच्या नाकाशी नेलं, मग माझ्यापुढे धरलं. या गावात सगळे असंच करतात, शाळेतली पोरंसुद्धा.

"काकू, पाणी आता शुद्ध आहे. तपासलंय आम्ही."

"माहितेय की. आम्ही पितोच आहोत," त्या म्हणाल्या. "पण पाहुण्याला द्यायचं, तर बघून नको द्यायला?"

माणसांत मुरलेलं कुठल्या दाण्यांवरून सोडायचं, कोण जाणे. विचार करायचंही त्राण नव्हतं. घसा कोरडा पडला होता. मी भांडं घेतलं, आणि ओठांआधी ते माझ्याही नाकाशी गेलं.