पुरालाही न उघडलेलं कुलूप

माझ्या सासऱ्यांना पुराची गोष्ट सांगायला कारण लागत नाही. समोर पाहुणा बसला की पुरे. "सुट्टीत आम्ही नदीकाठच्या लॉजवर गेलो होतो, वर डोंगरात ढग फुटला, बघता बघता पाणी आलं, मी ओरडून सगळ्यांना टेकडीवर पळवलं, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही." एवढं झालं की ते कपाटातलं पितळी कुलूप काढून पाहुण्याच्या हातात ठेवतात. कुलपं बनवणं हा त्यांचा धंदा. खोलीला हेच लावलं होतं, पुरालासुद्धा उघडता आलं नाही, असं म्हणून हसतात. पाहुणाही हसतो. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारण त्या खोलीत आत्या होत्या.

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा लाँड्रीत इस्त्री करकरून त्यांनी या भावाला वाढवलं, धंद्याला लावलं. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. मनगटावर चटक्यांचे डाग आहेत आणि अजूनही त्या रोज कामाला जातात. त्या सुट्टीला त्यांना नेलं होतं ते काही हवा खायला नव्हे. पाणी आलं तेव्हा नळ सोडून त्या खोलीतल्याच न्हाणीघरात सगळ्यांचे चिखलाचे कपडे धूत होत्या. बाहेरची ओरड त्यांच्या कानावर गेली नाही. सासऱ्यांनी मात्र निघताना दार ओढलं आणि कुलपाचा खटका दाबला. हाताची सवय. घराला आग लागली तरी हा माणूस आधी कुलूप लावील. टेकडीवर पोचल्यावर "आलो ना सगळे?" असं त्यांनी विचारलं म्हणे, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या पाणी ओसरेपर्यंत कपाटावर चढून बसल्या होत्या, छताला डोकं टेकवून. शेवटी लॉजच्या माणसांनी कोयंडा उखडून त्यांना बाहेर काढलं.

हे मला सासूबाईंनी सांगितलं, भाजी निवडता निवडता, शेजारणीची खबर सांगावी तसं. आत्या स्वतः कधीच काही बोलल्या नाहीत. गोष्ट सुरू झाली की चहा आणायच्या आणि रिकामे कप उचलायच्या.

मागच्या रविवारी एक नवं गिऱ्हाईक घरी आलं होतं. गोष्ट झाली, कुलूप त्याच्या हातात गेलं. सासरे रंगात आले होते. यंदा पुन्हा तिथंच जाऊ म्हणाले. वर आत्यांकडे वळून, "ताई, तूही चल. मुलांचं बघायला कुणीतरी लागेलच." उचलली जीभ लावली टाळ्याला.

आत्यांनी ट्रे खाली ठेवला. पाहुण्याच्या हातातून कुलूप किल्लीसकट घेतलं, कपाटात ठेवतील असंच वाटलं, पण त्या सरळ बाहेर गेल्या. दार ओढलं गेलं आणि बाहेरून खटका बसला.

सासरे आधी हसले. मग त्यांनी थट्टा पुरे म्हणून दोनचार हाका मारल्या. मग दारावर थापा मारायला लागले. बिचारा पाहुणा चपला कुठे काढल्या ते आठवत उभा राहिला. थापा थांबल्यावर दारापलीकडून आत्यांचा आवाज आला, अगदी रोजचा.

"त्या दिवशी मीपण अशीच दार वाजवत होते. तुला ऐकू आलं होतं?"

"पाण्याचा आवाज केवढा होता, ताई."

"पाण्याचं नाही विचारलं मी."

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या फरशीकडे बघत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, सांगा ना बाबा, आम्हालाही ऐकायचंय.

"आलं होतं," सासरे म्हणाले. "पाणी पायऱ्यांना लागलं होतं. मागं फिरलो असतो तर..."

म्हणजे "आलो ना सगळे?" हे त्यांनी सगळं ऐकून झाल्यावर विचारलं होतं. मला त्या क्षणी त्यांच्या समोर उभं राहवेना.

"एवढंच विचारायचं होतं," आत्या म्हणाल्या. किल्ली फिरली. दार उघडलं तेव्हा त्या जिना उतरत होत्या.

आता आत्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहतात. मी परवा गेले होते. बसायला एकच खुर्ची आहे, ती त्यांनी मला दिली. दाराला तेच पितळी कुलूप आहे. दोघी बाहेर पडताना मी पाहिलं, कुलूप लावण्याआधी त्या आत डोकावून एक हाक मारतात. आत कुणी नसतं. तरी मारतात.