रविवारची बिननावाची कविता

माझ्या फोनची गॅलरी उघडलीत तर माझा एकही धड फोटो सापडणार नाही. सगळे स्क्रीनशॉट! फोन दर आठवड्याला जागा संपली म्हणून बोंबलतो, मी दर आठवड्याला स्वतःचे सेल्फी उडवते, पण स्क्रीनशॉटना हात लावत नाही. चाळीस हौशी कवी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कोंबले की कविता होतात दहा आणि किस्से होतात शंभर. कविता लोक विसरतात. किस्से कुठे जाणार?

आमच्या ग्रुपचं नाव 'कल्याणच्या पुढचे'. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. चाळीसपैकी तीस जण साठी ओलांडलेले. मी सव्वीस. मराठीत एम.ए. केलंय, उल्हासनगरात जीन्सच्या एका व्यापाऱ्याकडे ऑनलाइन ऑर्डरी बघते. ग्रुपवर मला सगळे 'रेवती बाळ' म्हणतात. तीनदा सांगितलं, बाळ म्हणू नका. तिन्ही वेळा उत्तर आलं, "बरं बाळ."

* * *

ग्रुपचे अ‍ॅडमिन नेने काका, अंबरनाथचे. एका केमिकल कंपनीत आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलला होते. रिटायर झाले, पण सवय रिटायर झाली नाही. कोणाचीही कविता आली की खाली तीनपैकी एक शिक्का पडतो. पास, रिवर्क, किंवा रिजेक्ट!

माझी पहिलीच कविता मी दोन रात्री जागून लिहिली होती. नेने काकांचा अभिप्राय चार मिनिटांत. "रिजेक्ट. कारण : दुसऱ्या कडव्यात रागाचं प्रमाण जास्त."

मी लिहिलं, "काका, कविता आहे. बॅच नाही."

"बॅचच असते बाळ. एक खराब निघाली की अख्खा ड्रम परत येतो."

मी ती कविता दुसऱ्या दिवशी परत टाकली. रागाचं प्रमाण दुप्पट करून.

* * *

लछूभाईंचं उलट. ते उल्हासनगरचे, कपड्याचं दुकान. घरी सिंधी, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि कविता मात्र मराठीतच. "प्यार जिस भाषा में हुआ, कविता उसी में होगी ना," असं सांगतात. पुढचं विचारलं की गल्ल्यावर गिऱ्हाईक आलेलं असतं.

त्यांचा अभिप्राय दुकानातला. "कपडा एकदम बढिया. सिलाई जरा ढिली आहे." कोणाला राग येत नाही.

एकदा नेने काकांनी त्यांच्या बारा कडव्यांच्या कवितेवर लिहिलं, "रिवर्क. तीन कडवी कमी करा."

लछूभाई म्हणाले, "चार घ्या. आपल्याकडे फिक्स रेट नाही!"

आणि खरंच चार काढली. कविता सुधारली, हे सगळ्यात वाईट. नेने काका आठवडाभर खूश होते.

* * *

आता म्हात्रे भाऊ. बदलापूर गावातले. चिखलोलीकडची जमीन बिल्डरला गेली, आता रेती-विटांचा सप्लाय करतात आणि गेलेल्या जमिनीवर कविता लिहितात. बुलेट, मोठा आवाज, त्याहून मोठं मन. ग्रुपमध्ये कोणाच्या आईला ॲडमिट करायचं असो की कोणाच्या पोराचं कॉलेजचं काम असो, म्हात्रे भाऊ पहिले हजर. हे मी मनापासून सांगतेय. माणूस दिलदार.

फक्त कविता टाकली की पाच मिनिटांत फोन येतो. "वाचली का? मग बोल्ली नाय काय?"

या माणसाने आपल्या बायकोलाही ग्रुपमध्ये ॲड केलं होतं. कशाला? आपल्या कवितेला पहिला अंगठा द्यायला! मंदा वहिनी दीड वर्ष ग्रुपवर होत्या, पण त्यांचा एक शब्द कोणी वाचला नव्हता. नवऱ्याची कविता आली की खाली पिवळा अंगठा. बस.

एकदा अंगठा तासभर आला नाही. भाऊंनी ग्रुपवरच लिहिलं, "मंदा, अंगठा!"

अठ्ठावीस जणांनी हसरे चेहरे टाकले. मी मोजलेत, स्क्रीनशॉट आहे. एका मिनिटात अंगठा आला. त्या दिवशी मी फोन उशीवर आपटला होता.

* * *

ग्रुपची एकच पद्धत मला मनापासून आवडते, ती म्हणजे रविवारची बिननावाची कविता. ज्याला टाकायची त्याने ती मला पर्सनलवर पाठवायची. (माझ्यावर ही जबाबदारी आणि त्यासाठी दुसरी ॲडमिनकी का? "बाळाचं टायपिंग फास्ट आहे.") मी सकाळी दहाला नावाशिवाय टाकते. दिवसभर सगळ्यांनी धुवायची. संध्याकाळी सातला कवीने समोर येऊन म्हणायचं, "माझी." नसेल म्हणायचं तर गप्प बसायचं. सक्ती नाही.

एका शनिवारी मला पाच ओळी आल्या. पाठवणाऱ्याचं नाव बघून मी गॅसवरचं दूध विसरले. (पुढचं सगळं त्या व्यक्तीला विचारून सांगतेय.)

मी 'नको' म्हटलं की घरात
कुकरची शिट्टी झाली असं समजतात.
कोणीतरी उठतं,
गॅस बारीक करतं
आणि परत टीव्हीसमोर बसतं.

खाली एक वाक्य. "नाव कुणालाच नाही सांगायचं. मंदा म्हात्रे."

* * *

तो रविवार मी विसरणार नाही. दहाला कविता टाकली. नेने काका : "रिवर्क. शेवट आशादायक करावा." आणि मग ग्रुप गार. नेहमी आम्ही दुपारपर्यंत शंभर मेसेज पाडतो. त्या दिवशी नऊ.

कारण एकेक नवरा मला पर्सनलवर फोन करत होता!

पहिले लछूभाई. "रेवती बेटा, सच बोल. ये मेरे घर से आया क्या?"

"नाही लछूभाई."

"पक्का? मग ठीक. तरी आज भांडी मी घासतो."

दुसरे एक निवृत्त बँक मॅनेजर. तिसरे स्वतः नेने काका! घसा साफ करून म्हणाले, "सहज विचारतोय. अंबरनाथ पूर्व की पश्चिम एवढंच सांग."

दिवसभरात सहा नवऱ्यांचे फोन आले. सहाही जणांना वाटलं होतं, कविता आपल्याच स्वयंपाकघरातून आलीय.

एकाचा मात्र फोन आला नाही. म्हात्रे भाऊंनी थेट ग्रुपवर लिहिलं, "छान. पण नवऱ्याची बाजू कुठं हाय?"

आणि खाली आवाज न करता पिवळा अंगठा पडला.

* * *

महिन्याभराने मी ग्रुपच्या संमेलनाचं निमंत्रण द्यायच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेले. मला वहिनींना एकदा समोरासमोर बघायचं होतं. तोवर त्यांच्या चार कविता माझ्याकडे आल्या होत्या.

म्हात्रे भाऊ सोफ्यावर. "ये ये रेवती बाळ! मंदा, चहा टाक!" मग त्यांना आपली नवी कविता मला वाचून दाखवायची हुक्की आली. त्यांचा फोन चार्जिंगला. म्हणून त्यांनी टीपॉयवरचा वहिनींचा फोन उचलला. लॉक नव्हतंच. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. कपबशा वाजायला लागल्या.

व्हॉट्सॲप उघडलं की सगळ्यात वर माझ्याशी झालेल्या गप्पा असणार. त्यात चारही कविता.

मी ओढणीखाली माझा फोन दाबला. वहिनींचा नंबर लावला.

भाऊंच्या हातात फोन वाजला. स्क्रीनवर माझं नाव येणार! भाऊंनी स्क्रीनकडे बघितलं, तोंड वाकडं केलं आणि फोन वहिनींकडे धरला.

"घे. गिरणीवाली. दळण झालं असंल."

वहिनींनी ट्रे ठेवला, फोन घेतला, कानाला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हो गं. दळण झालं का? येते." मी समोर बसून ओढणीत तोंड खुपसून खोकत होते.

मागून स्वयंपाकघरात गेले, तेव्हा विचारलं, "वहिनी, त्यांना कळलं तर काय होईल?"

"मारायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "तसे नाहीत ते. हसतील. चारचौघांत सांगतील, आमची पण आता कविता करते! आणि मग मला एक ओळ लिहिता येणार नाही." त्यांनी गॅस पुसला, स्वच्छ होता तरी. "आत्ता कुठे येतंय गं."

* * *

आणि नेमका तेव्हाच नेने काकांना नियम बदलायचा होता. ग्रुपवर नोटीस आली. "एका कवयित्रीच्या चार कविता झाल्या, चारही बेवारस. लेबल नसलेला माल आम्ही गेटबाहेर सोडत नसू. येत्या रविवारी सातपर्यंत नाव जाहीर व्हावं, अन्यथा रविवारची पद्धत बंद."

मी लिहिलं, "काका, सक्ती नाही असं तुम्हीच ठरवलं होतं."

"तेव्हा माल इतका चांगला नव्हता."

म्हणजे कौतुकच! पण या पिढीला कौतुकसुद्धा दम दिल्याशिवाय करता येत नाही. बँक मॅनेजर म्हणाले, कवीने छातीठोकपणे पुढे यावं. ज्यांचा आवाज आयुष्यात कोणी दाबला नाही त्यांना छाती ठोकायला काय जातं! म्हात्रे भाऊंनी तर व्हॉइस नोटच टाकली, "नाव सांगा, शाल-श्रीफळ मी देतो, ढोल-ताशा पण माझा!" फक्त लछूभाई म्हणाले, "जिसको पर्दा पसंद है, उसको ट्रायल रूम में रहने दो ना भाई."

नेने काकांनी मला फोन केला. "बाळ, मला एकट्याला सांग. माझ्यापाशीच राहील."

"नाही."

"मग तुला अ‍ॅडमिन ठेवण्यात अर्थ काय?"

"काही नाही. काढा!"

ही पद्धत गेली की वहिनींना दुसरी जागा नव्हती. मी त्यांना लिहिलं, "वहिनी, मी सांगणार नाही. ग्रुप गेला तरी चालेल."

उत्तर दोन दिवसांनी आलं. कविताच आली.

लोक म्हणतात, माणूस दिलदार.
खरंच आहे.
बाहेरून आला की तो
दिलदारपणा चपलांसोबत
दारात काढून ठेवतो.

मी लगेच लिहिलं, "वहिनी, ही नको. ही त्यांना कळेल."

"नाही कळणार. ते दुसऱ्याचं दुःख लगेच ओळखतात. घरातलं नाही."

"तरी विचार करा."

"दोन दिवस केला. टाक."

* * *

रविवारी दहाला टाकली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब रविवार. आई जेवायला हाक मारत होती, मी ताटासमोर बसून स्क्रीन खाजवत होते. म्हात्रे भाऊ दुपारभर गप्प. ते कधीच गप्प नसतात.

सहा वाजता नेने काका : "एक तास उरला."

साडेसहाला : "अर्धा तास."

मी राजीनामा टाइप करून ठेवला होता. त्यात रागाचं प्रमाण भरपूर.

सहा चाळीसला म्हात्रे भाऊंची व्हॉइस नोट आली. मी फोन कानाला लावला. आवाज चक्क भरून आलेला.

"ही कविता मी आज दहा वेळा वाचली. जेवण गेलं नाय मला. कोण हाय हा माणूस? बाहेर दिलदार आणि घरात असा? ताई, तू कोण हायस मला म्हाईत नाय. घाबरू नको. नाव नको सांगू, नेन्यांना मी बघतो. फक्त पत्ता टाक. मी आत्ताच्या आत्ता बुलेट काढतो, तुझ्या नवऱ्यासमोर बसतो आणि दोन शब्द बोलतो. हा म्हात्रे भाऊचा शब्द हाय!"

मी राजीनाम्यावर बोट ठेवून बसले होते.

मग वर दिसलं : मंदा म्हात्रे टायपिंग.

गेलं. परत आलं. परत गेलं. मी मनात ओरडत होते, अंगठा वहिनी, नुसता अंगठा टाका आणि सोडा!

सहा त्रेपन्नला त्यांचा मेसेज आला.

"बुलेट नका काढू. मी किचनमध्ये आहे. या."