सलीमची स्वस्त पेटी आणि माझा कान

मंडळी, हा कागद कँटीनच्या फळ्यावर मुद्दाम चिकटवतोय. चहा पिता पिता वाचा.

आज दुपारी आपल्या गणपतीत रविवारी होणाऱ्या ऑर्केस्ट्राची तालीम होती. मोटार वाइंडिंग खात्यातल्या सलीमनं बेस गिटारसाठी स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर आणला. प्लायवूडची पेटी, आत जुन्या रेडिओग्रामचा ट्रान्सफॉर्मर. शेजारी गिटारसाठी भाड्यानं आणलेला विलायती अ‍ॅम्प्लिफायर. मला वाटलं, सलीमचं इतकं स्वस्तात होतंय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

गाणं थांबलं की घूंऽऽ असा आवाज यायचा. मी मेंटेनन्सचा माणूस. बेअरिंग तपासतो तसं स्क्रूड्रायव्हरचं टोक सलीमच्या पेटीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. घूंऽऽ!

"सापडला चोर," मी म्हणालो. "रविवारी ही पेटी नको राव." माझ्यामागं उभे असलेले दोघंतिघंही म्हणाले, "नकोच ती पेटी."

सलीमनं आपल्या पेटीचा प्लग उपटला. स्क्रूड्रायव्हर माझ्या कानालाच होता. घूंऽऽ चालूच! दोन्ही पेट्या एकाच लाकडी मंचावर होत्या, आणि विलायती पेटीची घरघर फळ्यांमधून इकडं येत होती.

मग ती बंद करून सलीमनं आपली वाजवली. बाकड्याखाली सगळ्यांचे पाय ठेका धरायला लागले, माझेसुद्धा. तरी काही लपवलंय का म्हणून मी पेटीमागं वाकून बघितलंच.

सलीम हसला. "कान चांगलाय भाऊ तुमचा. पण त्यानं आधी किंमत ऐकलीय."

माझ्यामागं उभं राहून "नकोच ती पेटी" म्हणणाऱ्यांनो, तुमच्या कानानं काय ऐकलं होतं?